आग्रहाची वाट पाहताना

बाबा फलटणच्या एका शाळेत खेळाचे शिक्षक आहेत, आणि त्यांच्याच मुलीला धावता येत नाही ही त्यांची जुनी अडचण. शर्यतीत मी कायम शेवटून पहिली. वैतागून एकदा त्यांनी माझ्या हातात भाला दिला आणि म्हणाले, "हा तरी लांब जातोय का बघ." तो गेला. का गेला ते मला आजही नीट सांगता येणार नाही. भाला हातातून सुटल्यावर जो एक क्षण असतो, त्यात माझ्या डोक्यात काहीच नसतं. एरवी माझं डोकं सतत कुणाशी ना कुणाशी भांडत असतं, म्हणून त्या क्षणाची मला फार किंमत.

त्याच भाल्यानं मला कान्ससमधल्या एका दोन वर्षांच्या कॉलेजात आणलं. अमेरिकेत अशी कॉलेजं बरीच आहेत. तिथं दोन वर्षं काढायची आणि मग डिग्रीसाठी दुसऱ्या मोठ्या कॉलेजात जायचं. परदेशातून आलेल्या, घरची परिस्थिती बेताची असलेल्या खेळाडूंना हा रस्ता परवडतो, कारण ही कॉलेजं खेळासाठी राहणं, जेवण, शिकवणं असं बरंच काही देतात. माझं पहिलं कॉलेज दिसायला आपल्या एमआयडीसीसारखं होतं. सपाट जमीन, बैठ्या इमारती आणि दिवसभर वारा. मला ते आवडायचं.

पण दोन वर्षं संपत आली की तिथले लोक तुम्हाला प्रेमानं बाहेर काढतात. आमच्या प्रशिक्षकांनी पाठीवर थाप मारून सांगितलं, "आता तुझं पुढचं कॉलेज निवड." निवड म्हणे. मुलीकडच्यांना स्थळ निवडण्याची जितकी मुभा असते तितकीच मला होती. इथल्या मुलांना सरकार शिक्षणाला मदत करतं, आम्हाला करत नाही. बँक कर्ज द्यायला अमेरिकन जामीन मागते. विद्यार्थ्यांच्या व्हिसावर कॉलेजच्या बाहेर नोकरी करायला बंदी. मी कॅफेटेरियात ट्रे धुवायचे, त्यातून फोनचं बिल आणि शांपू निघायचा. बाबांनी पहिल्या विमानाच्या तिकिटातच हात टेकले होते. म्हणजे ज्या कॉलेजला भाला टाकणारी मुलगी हवी असेल आणि जे जवळजवळ सगळा खर्च उचलेल, तेच माझं कॉलेज. तसं नाही मिळालं तर भाला सोडायचा आणि कुठंतरी स्वस्तात डिग्री पुरी करायची, नाहीतर परत जायचं. मला भाला सोडायचा नव्हता. बाकी कशाबद्दल माझं फारसं काही म्हणणं नव्हतं.

त्या हिवाळ्यात कान्ससची वसतिगृहं बंद झाली आणि मी ओहायोत काकाकडे आले. काका म्हणजे बाबांचा चुलतभाऊ. पुण्याहून कंपनीच्या कामावर आलेला, मग ओहायोतल्याच डब्लिन नावाच्या गावात घर घेऊन राहिलेला. काकू नागपूरची, तिथल्याच एका ऑफिसात अकाउंट्स बघते. त्यांना एक मुलगी, तेव्हा दहावीत. ती आईशी इंग्रजीत बोलते, आई तिच्याशी मराठीत, आणि दोघी एकमेकींवर रागावतात तेव्हा हिंदीत. घर ऊबदार होतं. मला वेगळी खोली होती, आणि मी आल्यापासून काकू रोज विचारायची, "आज काय करू तुझ्यासाठी?" मी रोज म्हणायचे, "काही नको काकू, जे असेल ते." मग ती कधी थालीपीठ करायची, कधी वडाभात.

काकानं माझं कॉलेजप्रकरण अंगावर घेतलं. त्याला क्रमवारीचं वेड. कुठलंही नाव सांगितलं की तो आधी फोनवर बघायचा, देशात कितवं आहे. मी सांगायचे, "काका, त्यांच्याकडे भालाफेक नाहीये." तो म्हणायचा, "अगं, पण कितवं आहे बघ." ज्या कॉलेजांची क्रमवारी चांगली, ती खेळाडूंना थोडंफार देऊन बाकीचं तुमच्या घरच्यांवर टाकत होती. जी सगळं द्यायला तयार, त्यांची नावं काकानं ऐकलेली नव्हती. वाद घालून घालून आम्ही शेवटी एका कॉलेजपाशी आलो. शेजारच्या राज्यातलं, छोटं, मक्याच्या शेतांच्या मधोमध. तिथल्या प्रशिक्षकानं माझे व्हिडिओ पाहिले होते. तो माझ्याशी फोनवर खांद्याबद्दल, शेवटच्या पावलांबद्दल इतकं नेमकं बोलला की फोन ठेवल्यावर मी गॅरेजमध्ये जाऊन, गाडीच्या आणि फ्रीझरच्या मधे उभी राहून ती पावलं टाकून पाहिली. मला तो माणूस हवा होता. इतकं सरळ काही मला फार कमी वेळा हवंसं वाटलंय.

आणि तो म्हणाला, मी घरी येऊन तुझ्या फॅमिलीला भेटतो.

हे इथं चालतं. खेळाडूला कॉलेजात घ्यायच्या आधी प्रशिक्षक घरी येतात, आईवडिलांशी बोलतात, मुलगी कशी आहे ते विचारतात. माझे आईवडील फलटणला. म्हणून काका-काकू. काकूनं दोन दिवस आधीपासून घर आवरायला घेतलं. काकानं ऑफिसातून रजा घेतली आणि इस्त्रीचा शर्ट घातला. मुलगी बघायला पाहुणे येणार असावेत अशी सगळी धांदल, आणि मुलगी मी. मला हसू येत होतं.

तो आला बर्फातून गाडी चालवत. उंच, लाल नाकाचा, दारातच बूट काढून उभा राहिलेला. त्याच्या मोज्याला भोक होतं, त्यामुळे काकूला तो ताबडतोब आवडला. तिनं त्याला पोहे दिले. त्यानं संपवले. तिनं पुन्हा वाढायला घेतले तर तो प्लेटवर हात धरून म्हणाला, "नो, नो, आय ॲम गुड." काकूनं त्याचा हात हळूच बाजूला केला आणि वाढले. त्यानं तेही खाल्ले. तेवढ्यावरून तरी त्याला कळायला हवं होतं की आमच्या घरात 'नको' या शब्दाला काही अर्थ नसतो. पण तो भाल्यातला माणूस, त्याला पोह्यांचं काय कळणार.

मग त्यानं सांगितलं. माझी फी, राहणं, जेवण, सगळं कॉलेज बघेल. पुस्तकं आणि जाण्यायेण्याचं तेवढं आमच्याकडे. तो काकाकडे बघून बोलत होता. मी काकूच्या बाजूला, सोफ्याच्या कडेवर. मला वाटलं, आता मी रडणार. मी हाताची बोटं घट्ट धरून ठेवली.

काका पुढे वाकला. मी त्याला कंपनीच्या फोनवर बोलताना ऐकलंय. पगारवाढीचं बोलणं असलं तर हा माणूस कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पण हे ऑफिस नव्हतं. हे त्याचं घर होतं, समोर पाहुणा होता, पाहुण्यानं त्याच्या घरचं खाल्लं होतं, आणि पाहुणा त्याच्या पुतणीला फुकट काहीतरी देत होता.

"नो नो, कोच," काका म्हणाला. "धिस इज टू मच. यू मस्ट बी हॅविंग अदर गर्ल्स ऑल्सो, मोअर नीडी. शी इज लाइक अवर ओन डॉटर. वी विल मॅनेज."

काकूनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत कौतुक होतं. आपला माणूस किती छान बोलला, असं.

प्रशिक्षकानं प्लेट टेबलावर ठेवली. मग त्यानं दोन्ही हातांनी काकाचा हात धरला आणि म्हणाला, हे तुम्ही फार मोठं मन दाखवताय, याची मला किती मदत होणार आहे याची तुम्हाला कल्पना नाही. त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "तुला हे ठीक वाटतंय ना?"

आता यावर मी काय बोलणार होते? मी त्या घरात राहत होते, त्या घरचं खात होते. काकानं चारचौघांत मला स्वतःची मुलगी म्हटलं होतं. त्याच्या तोंडावर मी सांगू, की हा म्हणतोय ते खरं नाही, आम्हाला पैसे हवेत? मी म्हटलं, "येस, सर." आणि हसले. आम्ही सगळेच हसत होतो. दारात त्याला काकूनं चिवड्याचा डबा दिला. तो नको म्हणाला, तिनं त्याच्या कोटाच्या खिशात कोंबला.

तो गेल्यावर काका सोफ्यावर टेकला, एकदम खुशीत. "माणूस सज्जन आहे," तो म्हणाला. "आता बघ, तो परत विचारेल. म्हणेल, नाही नाही, तुम्ही घेतलंच पाहिजे. मग घेऊ. एकदम हात पसरले तर काय म्हणेल, पैशासाठी आलेत."

मलाही ते पटलं. खरंच पटलं. लहानपणापासून मी हेच पाहत आले होते. मामानं साडी दिली की आई आधी परत करते. बाबांच्या हातात कुणी पाकीट ठेवलं की ते दोन पावलं मागे सरतात. मग समोरचा पुढे येतो, मग हे घेतात, आणि सगळ्यांचा मान राहतो. आम्ही त्या माणसाच्या पुढच्या पावलाची वाट बघायला लागलो.

पहिले काही दिवस मजेत गेले. काका ऑफिसातून आल्या आल्या विचारायचा, "आला का फोन?" जेवताना तो आणि काकू ठरवायचे की दुसऱ्यांदा विचारल्यावर किती ताणायचं. काकूचं मत होतं, लगेच हो म्हणावं. काकाचं मत, थोडं थांबावं, पण फार नाही. त्यांची मुलगी एकदा ताटावरून मान वर करून म्हणाली, "वेट, यू आर वेटिंग फॉर हिम टु आस्क अगेन? डॅड, यू सेड नो."

"मी नो नाही म्हटलं गं," काका म्हणाला. "मी फक्त... असं लगेच हो म्हणत नाहीत."

"ही इज नॉट गोइंग टु आस्क अगेन," ती म्हणाली, आणि पुन्हा जेवायला लागली.

काकूनं तिला गप्प बसवलं. पण त्या दिवसापासून मला जेवण जाईना. मी कान्ससला परत गेले तेव्हाही फोन आला नव्हता.

मग मेल आली. फार आपुलकीची. तुझ्या काकांच्या मोठेपणामुळे मला आणखी एका मुलीला संघात घेता आलं, असं त्यानं लिहिलं होतं. माझ्यासाठी फीचा फक्त एक भाग. राहणं, जेवण, पुस्तकं आणि बाकीची फी घरच्यांनी बघायची. 'तुमच्याशी ठरल्याप्रमाणे,' असे शब्द होते. मी ती मेल ग्राउंडवरच वाचली, हातात भाला धरून. मला राग कुणाचा यावा तेच कळेना. प्रशिक्षकानं काही चूक केली नव्हती. त्याला सांगितलं तेच त्यानं ऐकलं होतं. काकानं तरी काय केलं होतं? माझा मान राखला होता.

दुसऱ्या दिवशी मी प्रशिक्षकाला फोन केला. मी आयुष्यात इतकी अडखळत बोलले नसेन. मी सांगितलं, सर, काका जे बोलले ते आमच्याकडे बोलायची पद्धत आहे. त्याचा अर्थ तसा नसतो. मग त्यानं विचारलं, "पण मी तुलाही विचारलं होतं ना?" रागानं नाही, खरंच न कळून विचारलं. मी हो म्हटलं. तो म्हणाला की उरलेले पैसे एका अडथळ्यांच्या शर्यतीतल्या मुलीला देऊन झाले. तिच्या आईशी तो फोनवर बोलत होता, आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती आई हो, हो म्हणत रडायला लागली. आता त्या मुलीकडून परत घेता येत नाही. मला ते समजतंय ना, असं त्यानं विचारलं. मला समजत होतं. त्याचंच वाईट वाटत होतं. भांडायलासुद्धा समोर कुणी नव्हतं.

बाबांना सांगायचं मी टाळत होते. शेवटी एका रविवारी सांगितलं. इथं सकाळ होती, तिकडं ते जेवून अंगणात येऊन बसले होते. मला वाटलं, ते चिडतील. काकाला फोन करतील, काहीतरी तोडगा काढतील. मला कुणीतरी माझ्या बाजूनं आरडाओरडा करायला हवं होतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरोबर बोलला की तो. दुसरं काय बोलायचं असतं?"

"बाबा, पैसे गेले."

"हो गं. पण पाहुण्यापुढे असं कसं लगेच..." ते थांबले. "मी असतो तरी हेच बोललो असतो, बाळा," ते म्हणाले, आणि मग हळूच विचारलं, "आता काहीच होणार नाही का?"

त्या प्रश्नानं मी पार खचले. लहानपणी असा प्रश्न मी त्यांना विचारायचे.

मार्चच्या सुटीत मी पुन्हा डब्लिनला गेले. काकाच्या ऑफिसात माणसं कमी करायला सुरुवात झाली होती. घरी कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं, पण काका रात्री जेवताना फोन उलटा ठेवत नव्हता, समोर ठेवत होता. नोकरी गेली तर व्हिसा जातो, आणि मग घर, शाळा, सगळं थोड्या दिवसांत आवरायचं. तो माझ्याकडे नीट बघत नव्हता. मी गॅरेजमध्ये खांद्याचा व्यायाम करत होते. फ्रीझरच्या हँडलला रबरी पट्टा बांधून ओढायचा, एवढाच. तो दूध आणायला म्हणून आला आणि तिथंच उभा राहिला.

"हे बघ," तो म्हणाला, "राहण्याजेवणाचं आणि उरलेल्या फीचं मी भरतो. मी बोललो होतो ना. ते माझ्यावर."

मी पट्टा सोडला. मला हवं होतं. देवाशपथ हवं होतं. दोन वर्षं भाला टाकायला मिळाला असता. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "नाही नाही काका, कशाला? मी बघते काहीतरी. होईल."

मग मी थांबले. मी त्याच्याकडे बघत थांबले, तो पुढे येईल म्हणून. म्हणेल, गप बस, मोठी आली बघणारी. ज्या माणसानं अख्खा हिवाळा एका परक्याच्या आग्रहाची वाट बघितली, त्याला तरी कळेल असं मला वाटलं. आणि त्याला कळलं, याची मला खात्री आहे. त्याच्या चेहऱ्यावर ते सगळं दिसलं. पण त्याचे खांदे खाली आले, जरासे, ओझं उतरल्यासारखे. "बघ बाई," तो म्हणाला. "पण लागलं तर सांग हं." त्यानं फ्रीझर उघडला, बंद केला, आणि दूध न घेताच आत गेला. दूध फ्रीझरमध्ये नसतं, आतल्या फ्रीजमध्ये असतं. मी तिथंच पायरीवर बसून रडले. त्याच्यावर रागवावं इतकाही तो वाईट नव्हता.

त्यानंतर कॉलेज निवडायला वेळ लागला नाही. पश्चिमेकडे एक सरकारी विद्यापीठ आहे, जिथं बाहेरून आलेल्यांनाही जवळपास तिथल्या मुलांइतकीच फी पडते. माझे मार्क बरे होते म्हणून त्यातूनही काही सूट मिळाली. लायब्ररीत काम मिळत होतं. शहर स्वस्त होतं. धावणं, भालाफेक अशा मैदानी खेळांचा संघ त्यांनी काही वर्षांपूर्वीच बंद केला होता. काकानं क्रमवारी बघितली आणि म्हणाला, चांगलं आहे की. तो आणि काकू मला सोडायला आले, एवढा लांबचा रस्ता गाडी चालवत. त्याची नोकरी तोवर टिकली होती. काकूनं माझ्या खोलीत चादरी घातल्या, लाडवांचे डबे कपाटात लावले आणि बाथरूम स्वतः घासून काढलं. निघताना काकानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी बोलायला म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि मग गाडीचं टायर बघायला वाकला. ती माणसं माझी होती आणि मला त्यांचा राग करता येत नव्हता, आजही येत नाही.

ते गेल्यावर मी नावनोंदणीच्या हॉलमध्ये गेले. मोठा हॉल, टेबलं मांडलेली, सगळीकडे आईबाप आणि नव्या पिशव्या. दाराशी एक बाई उभी होती, गळ्यात शिट्टी, हातात रंगीत पट्ट्या. ती प्रत्येकाला बघून कुठल्या रांगेत जायचं ते सांगत होती. तिनं माझ्या खांद्यांकडे पाहिलं, दंडांकडे पाहिलं, आणि हसून विचारलं, "अ‍ॅथलीट?"

तेरा वर्षांची असल्यापासून हा प्रश्न कुणी मला विचारला नव्हता. विचारायची गरजच पडली नव्हती.

"नाही," मी म्हटलं.

तिनं उजवीकडची रांग दाखवली. ती बरीच लांब होती. मी जाऊन शेवटी उभी राहिले.